पटावरची लोकशाही

१८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि तिथल्या सरकारी शाळेने त्याला दाखल करून घ्यायला नकार दिला होता. जुलैत सरकारचं उत्तर आलं. अर्जदाराची बाजू न्यायाची आहे, हे त्यात मोकळेपणाने मान्य केलेलं होतं. पण एकादोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींना एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कामालाच धक्का बसेल, म्हणून सरकारचा नाइलाज आहे. थोडक्यात काय, न्याय तुझा आणि शाळा त्यांची.

प्रकरण कलकत्त्याला गेलं, तिथून लंडनला. वरच्यांना मुंबईची भूमिका पटली नाही. १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करतं, त्या कोणताही भेद न करता सर्व वर्गांना खुल्या राहतील. नियम कागदावर आला आणि कागदावरच बरीच दशकं राहिला. अस्पृश्यांच्या मुलांसाठी निराळ्या शाळा काढायच्या, ही त्यावरची सोयीची तोड निघाली.

मुंबई सरकार नेमकं कशाला भ्यालं होतं? हा मुलगा आत आला तर बाकीचे उठून जातील, याला. आज सरकारी शाळेच्या दारात कुणी कुणाला अडवत नाही. आणि तरीही बाकीचे उठून गेले आहेत.

शिक्षण आणि लोकशाही हे शब्द जोडीने आले की आपल्याला नागरिकशास्त्र आठवतं. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी जोडलेलं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं, राज्यसभेची सदस्यसंख्या पाठ झाली की संपणारं. पुस्तक सुधारावं, यात वाद नाही. पण मूल लोकशाही शिकतं ते शेजारी कोण बसलंय यावरून, डबा कुणाबरोबर खाल्ला जातो यावरून आणि आपल्या आईचं शाळेत कुणी ऐकून घेतं का यावरून. या गोष्टी कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. येतात त्या शाळेच्या रचनेतून, म्हणजे शाळा कुणाच्या पैशाने चालते, तिथे कोण येतं आणि तिच्याबद्दल कोण ठरवतं यातून.

पैशाचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत रोखठोक जोतीराव फुल्यांनी मांडला. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि हिशेब जास्त आहे. सरकारी तिजोरीतला पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून. तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. ही मुलं शिकली की ज्ञान खाली झिरपेल, असं सरकार सांगतं, पण खाली काहीच झिरपलेलं दिसत नाही. तेव्हा प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, शेतकरी वर्गातले शिक्षक घडवा, त्यांना पोटभर पगार द्या आणि मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचंही शिकवा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण म्हणजे धर्मादाय आहे, असा सूर तिथे कुठेच नाही. आम्ही भरलेल्या पैशाचा हिशेब द्या, असं सांगणाऱ्या करदात्याचा तो आवाज आहे. मतदानाचा हक्क नसलेल्या माणसांच्या वतीने केलेली ती एक अस्सल नागरी मागणी होती.

सक्तीची ही कल्पना पुढे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर लागू केली. ब्रिटिश हद्दीत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणलं. ते किती बेताचं होतं पाहा. मुलं सहा ते दहा वर्षांची, सुरुवातीला फक्त मुलगे, तेही जिथली स्थानिक संस्था तयार असेल तिथेच. १९१२ मध्ये मतदान झालं आणि ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडलं. त्यानंतर पाच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

दंडाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला त्याहून मोठा वाटतो तो त्यांचा १९१९ चा हुकूम, अस्पृश्यांसाठीच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या सरकारी शाळांत बसवण्याचा. शाळा वाढवणं सोपं नसतंच, पण शाळा बंद करून मुलांना एका बाकावर आणणं हे कितीतरी अवघड. १८५६ च्या सरकारला नेमकं हेच धाडस झालं नव्हतं.

एका बाकावर, असं मी म्हणतो आहे खरा. पण सरकारी शाळेत दाखला मिळाला म्हणजे बाक मिळतोच, असं नव्हतं. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलाने मोठेपणी लिहून ठेवलं आहे की वर्गात त्याला बसायला वेगळं गोणपाट असे. ते रोज घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा शिपाई त्याला हात लावणार नाही. पाण्याचंही तेच. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. पैसा सरकारचा, इमारत सरकारची, हजेरीपटावर नावही आहे, आणि तरी ती शाळा रोज सहा तास त्या मुलाला आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना जात शिकवत होती. सरकारी असली म्हणजे शाळा आपोआप सार्वजनिक होत नाही. ‘सगळं खासगी बंद करा, सगळं सरकारी करा’ म्हणणाऱ्यांनी हे गोणपाट डोळ्यांआड करू नये.

हाच विद्यार्थी पुढे कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युईच्या वर्गात बसला. लोकशाही म्हणजे फक्त राज्य चालवण्याची तऱ्हा नाही, एकमेकांत मिसळून, अनुभव वाटून घेत जगण्याची ती रीत आहे, हा ड्युईचा विचार. त्याचा ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ १९१६ चा, म्हणजे आंबेडकरांनी कोलंबिया सोडलं त्याच वर्षीचा. पुढे जातिव्यवस्थेवर लिहिताना आंबेडकरांनी हा विचार उचलला तो उगीच नव्हे. अमेरिकन प्राध्यापकाने जे तर्काने मांडलं होतं, ते साताऱ्याच्या वर्गातून उलट्या बाजूने त्यांनी पाहिलेलं होतं.

आता संविधानाकडे. आपण एक अजब क्रम लावला. आधी मत आणि मग शाळा. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून जास्त मतदार यादीत होते. अक्षर न येणाऱ्यांसाठी चिन्हं काढली, बैलजोडी, झोपडी वगैरे. अनेक शहाण्यांना तेव्हा हे घाईचं वाटलं. माझ्या मते तो क्रम बरोबरच होता, कारण आधी शिका मग मत देतो असं म्हटलं असतं तर शिकवण्याची गरज कुणाला भासली असती? पण घाईची दुसरी बाजू सरकारने पाळायची होती. अनुच्छेद ४५ ने सांगितलं की दहा वर्षांत चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यावं. चौदाच का? संविधान सभेत काहींना अकरा पुरेसं वाटत होतं. आंबेडकरांनी दाखवून दिलं की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात लावायला याच संविधानाने मनाई केली आहे. मग कारखान्यात नसलेलं ते मूल त्या वेळात असेल कुठे? शाळेतच असायला हवं.

मात्र हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत गेलं, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता येणार नाही अशा यादीत. दहा वर्षांची मुदत १९६० ला संपली. सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटलं ते १९९३ मध्ये. ८६ वी घटनादुरुस्ती २००२ ची, शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० ला. पन्नास वर्षांचा उशीर. आणि हक्क हातात पडला तेव्हा त्यासाठी भांडू शकणारे लोक सरकारी शाळेच्या आवारात उरलेच नव्हते.

हे नेमकं कसं घडतं, ते समजून घ्यायला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० चं एक छोटं पुस्तक फार उपयोगी पडतं, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. हर्शमनला कोडं पडलं होतं नायजेरियातल्या रेल्वेचं. रेल्वेची सेवा वाईट, शेजारून ट्रक धावताहेत, स्पर्धा जोरात. मग रेल्वे सुधारत का नाही? पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं, गिऱ्हाईक गेलं की दुकानदार शुद्धीवर येतो. हर्शमनच्या लक्षात आलं की सरकारी रेल्वेला गिऱ्हाईक गेल्याने काही फरक पडत नाही, तोटा तिजोरी भरते. रेल्वेला फरक पडला असता तो आरडाओरड्याने. पण ओरडू शकणारे, ज्यांचा माल मोठा आणि ज्यांची ओळख वरपर्यंत, ते व्यापारी सगळ्यात आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते ज्यांना जाताही येत नाही आणि ओरडताही येत नाही. स्पर्धेने रेल्वे सुधारली नाही, उलट तिला सुखाने बिघडू दिलं. सार्वजनिक शाळांचं असंच होतं, हे उदाहरणही हर्शमनने स्वतःच दिलं आहे.

आता हे आपल्या तालुक्याच्या गावात आणून पाहा. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढची दोनतीन दशकं गावात शाळा एकच. सरपंचाचा मुलगा, सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या, शिक्षकाची स्वतःची मुलगी आणि ऊसतोडीला जाणाऱ्याचं पोर एकाच सतरंजीवर. ते दिवस फार गोड होते, असं मी म्हणणार नाही. छडी होती, कुणाला पाणी भरायला लावायचं आणि कुणाला नाही हेही ठरलेलं होतं. पण गुरुजी चार दिवस आले नाहीत तर सरपंचाच्या घरात ते कळत होतं, कारण पोर लवकर घरी येत होतं. पंचायत समितीत शब्द टाकणारा माणूस आणि शाळेची गळकी कौलं यांच्यात एक धागा होता.

मग पिवळ्या व्हॅन आल्या. विनाअनुदानित, पुढे २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित, बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या. पहिल्यांदा सरपंचाचा नातू गेला, मग दुकानदाराचा, मग शिक्षकाचा. यातल्या कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या पोराला घेऊन आईबाप प्रयोग करत बसत नाहीत. पण एकेक पोर गेलं तसं त्याच्या मागे उभं असलेलं एकेक वजनही गेलं. पटसंख्या घसरली म्हणून शिक्षकाचं पद गेलं, शिक्षक गेला म्हणून एका गुरुजींकडे दोन, तीन, चार वर्ग आले, आणि ते पाहून आणखी चार पोरं गेली. वर उरलेल्या गुरुजींच्या गळ्यात निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहित्या.

लोक गुणवत्ता पाहून खासगीत जातात, असं म्हणतात. अंशतः खरं असेल. पण कोविडकाळाने एक वेगळंच चित्र दाखवलं. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातली सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. २०२२ मध्ये ती ७२.९ टक्के झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आली. या काळात सरकारी शाळा एकाएकी चांगल्या होऊन पुन्हा बिघडल्या, असं कुणीच म्हणणार नाही. रोजगार बुडाला तेव्हा लोक परत आले, हातात पैसा खुळखुळला तसे निघाले. निघून जाणं हे बऱ्याच अंशी ऐपतीचं लक्षण झालं आहे. आपण कोण आहोत, हे गावाला सांगण्याची ती एक पद्धत आहे.

निघून जाण्याचा हा धोका १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाला तेव्हाच दिसत होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, आजऱ्याकडच्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, घर श्रीमंत असो की गरीब, वस्तीतल्याच शाळेत जायचं. त्यामागे दोन कारणं होती. एक तर सगळ्यांच्या संगतीत वाढणं हेच शिक्षण आहे. आणि दुसरं अगदी व्यवहाराचं, वजनदार माणसाचं पोर तिथे असलं की तो शाळेकडे लक्ष देईल. हर्शमनच्या पुस्तकाच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. १९६८ आणि १९८६ च्या धोरणांत तिचा आदराने उल्लेख झाला, आणि प्रत्यक्षात सरकारनेच आपल्या शाळांचे थर केले. बदलीवाल्यांसाठी केंद्रीय विद्यालय, हुशारांसाठी नवोदय, आदिवासींसाठी आश्रमशाळा आणि उरलेल्यांसाठी उरलेली. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, असा आदेश दिला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे झाले आणि विषय तिथेच थांबला.

शेजारशाळेऐवजी २००९ च्या कायद्याने वेगळाच तोडगा काढला. खासगी शाळांत पहिल्या पायरीला पंचवीस टक्के जागा वंचित मुलांना, फी सरकार भरणार. यात एक गोष्ट नक्की चांगली आहे, बंगल्यातल्या मुलाच्या शेजारी रिक्षावाल्याचं मूल बसतं. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर सरकार आपल्याच शाळेतून निघून जाण्याचं तिकीट काढून देतं आहे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला या जागा देणं बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला. त्या बदलात ‘वस्तीची शाळा वापरा’ हा विचार होता असं मानायचं, तर तो फक्त गरिबांनाच का लागू? बंगलेवाल्याला कुणी सांगितलं नाही की तुझ्या घरापासून एक किलोमीटरवर जिल्हा परिषदेची शाळा आहे.

तरी याच कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे मी सगळ्यात जास्त आशेने पाहतो. कलम २१, शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि आलेल्या पैशाच्या खर्चावर नजर ठेवायची. खासगी विनाअनुदानित शाळेला हे बंधन नाही. तिथे लाख रुपये फी भरणाऱ्या बापाला जे विचारता येत नाही, ते जिल्हा परिषद शाळेतल्या शेतमजूर बाईला कायद्याने विचारता येतं.

आता कायदा आणि प्रत्यक्ष. बहुतेक ठिकाणी समिती म्हणजे प्रोसिडिंग बुक. मुख्याध्यापक इतिवृत्त आधी लिहितात, मग एखाद्या पोराच्या हाती वही घरी जाते, ‘आईची सही आण’. बाईचा दिवस मजुरीचा, बैठक दुपारी तीनची. तीनशे रुपये बुडवून पंख्यावर चर्चा करायला कोण येईल? बैठक संध्याकाळी सातला, वस्तीतल्या समाजमंदिरात का होत नाही, असं विचारलं तर आधी हसू येतं आणि मग कळतं की अडचण खरोखर एवढीच आहे. जिथे ती संध्याकाळी होते, जिथे खर्चाचे आकडे फळ्यावर लिहिले जातात, तिथे बायका बोलतात. पहिल्या बैठकीत गप्प, दुसरीत खिचडीतल्या डाळीबद्दल, तिसरीत गुरुजींच्या बदलीबद्दल. ग्रामसभेत जिने कधी तोंड उघडलं नाही, ती शाळेत उघडते, कारण विषय तिच्या पोराच्या ताटातला आहे.

ताटाचं निघालंच आहे, तर खिचडीला हसणाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न देणं राज्यांवर बंधनकारक झालं. या खिचडीला पोषण आहार म्हणतात, प्रथिनं आणि कॅलरी मोजतात. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र रांधायला आणि एका पंगतीत जेवायला बसवलं, तेव्हा ते काही कॅलरी मोजत नव्हते. एका पातेल्यातलं अन्न हा आपल्या समाजात नेहमीच राज्यशास्त्राचा विषय राहिला आहे. खिचडी कुणी शिजवायची यावरून जिथे जिथे भांडण पेटतं, तिथे ती अजूनही तोच धडा शिकवत असते.

आणि या सगळ्यात आता लहान शाळांचा प्रश्न. राज्यात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळा होत्या. त्याच वर्षी सरकारने त्या एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. दोन शिक्षकी शाळेत सात पोरं असतील तर शिकवणं आणि खेळणं दोन्ही अवघड होतं, हे खरं आहे. एका चांगल्या मोठ्या शाळेत सगळ्या वाड्यांची पोरं आली, तर मिसळणंही वाढेल. पण गाडी पावसाळ्यात ओढा ओलांडेल का, आणि आठवीतल्या पोरीला घरचे त्या गाडीत पाठवतील का, याचं उत्तर मंत्रालयातल्या नकाशावर मिळत नाही. ते उत्तर वाडीतल्या त्या समितीकडे आहे, जिची सही वही घरी पाठवून घेतली जाते.

डोंगरातल्या अशा एखाद्या दोनखोली शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने मतदान केंद्राचा क्रमांक रंगवलेला असतो. निवडणुकीच्या दिवशी त्या खोलीत एकाच रांगेत सगळे उभे राहतात, ज्यांची नातवंडं पिवळ्या व्हॅनने जातात तेसुद्धा. त्यातल्या काहींना ही खोली आतून दिसते ती पाच वर्षांत तेवढीच. दुसऱ्या दिवशी बाक पुन्हा मांडले जातात, फळा पुसला जातो आणि पहिलीतलं पोर भिंतीवरची ती मोठी अक्षरं बोट ठेवून वाचू लागतं, म त दा न. गुरुजी चार वर्ग सांभाळत असतात. ‘कें’पाशी पोर अडतं आणि गुरुजी मोकळे होईपर्यंत तिथेच उभं राहतं.